रात्रीच्या दिव्यांची मुंबई: व्हीटी ते गेटवे पायी, मग मरीन ड्राइव्ह

रात्रीची मुंबई बघायची म्हणून जे लोक निवांत जेवून दहा वाजता घरातून निघतात त्यांनी अर्धी मजा आधीच घालवलेली असते. जुन्या दगडी इमारतीवर दिवे सोडलेत आणि मागे आकाश काळंकुट्ट आहे, अशा वेळी फक्त झोतातला भाग दिसतो, घुमट कुठे संपला, कळस कुठे गेला काही कळत नाही. सूर्य बुडाल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि दगडाचा स्वतःचा रंगही अजून गेलेला नसतो. तेवढा वेळ गाठायचा, बाकी सगळा प्लॅन त्याच्याभोवती. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, जून-जुलैत सव्वासात उलटून जातात, तेव्हा निघायच्या दिवशी मोबाइलवर वेळ बघून घ्या आणि अर्धा तास आधी तिथे जाऊन उभे राहा.

आता गंमत अशी की हा निळा वेळ एका संध्याकाळी एकाच जागी मिळतो. गेटवे, मरीन ड्राइव्ह, व्हीटी, सगळीकडे एकदम कसं असणार तुम्ही? म्हणून आधी ठरवून टाका. माझं मत विचाराल तर तो व्हीटीला द्या, कारण तिथे नक्षी इतकी बारीक आहे की काळोखात ती वायाच जाते. गेटवे काळ्या आकाशासमोरही चालतो, आकार साधा आणि दणकट आहे त्याचा. आणि मरीन ड्राइव्ह तर जितका उशीर तितकं बरं.

कागदोपत्री छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पण टॅक्सीवाल्याला व्हीटी म्हटलं तरी कळतं आणि सीएसएमटी म्हटलं तरी कळतं. १८७८ ला काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली, आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. हे नाव लक्षात ठेवा, आज रात्री हा माणूस परत परत भेटणार आहे. २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दर्शनी बाजूचं तोंड पश्चिमेकडे आहे म्हणून सूर्यास्ताच्या आधी अख्ख्या दगडावर सोनेरी ऊन पडतं, मग ऊन जातं, मागचं पूर्वेचं आकाश आधी गडद होतं, आणि मग दिवे लागतात. हा क्रम समोर उभं राहून पूर्ण बघण्यासारखा आहे, नुसता दिवे लागल्यावर जाऊन फोटो काढून निघण्यात काही अर्थ नाही.

उभं कुठे राहायचं? लोकलने आलात तर स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडायचा वेडेपणा करू नका, सबवेने पलीकडे महापालिकेच्या बाजूला निघा. तिथे स्टेशनसमोर सेल्फी पॉइंट केलाय, गर्दी असते पण सगळी इमारत एका नजरेत येते. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना शोधायला लावा: फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि एका बाजूला वाघ, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने एक इंग्लंड आणि एक हिंदुस्थान. मोठ्या घुमटाच्या टोकावर बाईची मूर्ती आहे, एका हातात मशाल, एका हातात चाक, ती प्रगतीची मूर्ती. रोज या स्टेशनातून ये-जा करणाऱ्या लोकांनाही ती माहीत नसते कारण ऑफिसला जाताना मान वर करून कोण बघतंय.

मागे वळा, महापालिका. तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ला पूर्ण झालेली. समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा. या दोन इमारती कोपऱ्यावर अशा समोरासमोर आहेत की एकाच जागी उभं राहून नुसतं वळलात तरी दोन्ही होतात, एवढी सोय मुंबईत दुसरीकडे कुठे नाही.

इथे जरा मनातलं बोलून घेतो. हल्ली या इमारतींवर रंगीत एलईडी आहेत, १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला तिरंगा करतात, ते छान दिसतं, त्या दिवशी सगळी फोर्टची बाजू बघायला लोटते आणि लोटावंच. पण बाकीच्या दिवशी जांभळा, मग हिरवा, मग गुलाबी असे रंग बदलत राहिले की मला तरी लग्नाचा हॉल आठवतो. कमानीच्या आतली सावली, जाळीचं काम, पानं-प्राणी कोरलेत ते सगळं पिवळसर एका रंगाच्या दिव्यातच उठून दिसतं. म्हणून रंग बदलत असतील तर घाई करू नका, थोडं थांबा, पिवळा किंवा पांढरा आला की तेव्हा नीट बघून घ्या. आणि सणासुदीला मुद्दाम तिरंगा बघायला येणार असाल तर १५ ऑगस्टच्या ऐवजी १४ च्या रात्री या, दिवे बहुतेक आदल्या दिवशीच लागतात आणि गर्दी त्या मानाने कमी. पावसाची छत्री मात्र हवीच.

निळा वेळ संपला की पोटाचं बघा. तिथेच महापालिकेच्या बाजूला कॅननची पावभाजी, स्टेशनसमोर आरामचा वडापाव. खा आणि चालायला लागा. व्हीटी ते गेटवे सगळं मिळून अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, मध्ये ओव्हल मैदानाकडे वळलात तर अजून थोडं. गाडी आणू नका, खरंच नका आणू, पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात तुम्ही फाउंटनला पोचलेले असाल.

दादाभाई नौरोजी रोडने सरळ दक्षिणेकडे चालत राहा, कमानींखालच्या फुटपाथवरून. दिवसा इथे पाय ठेवायला जागा नसते, रात्री आठनंतर दुकानं बंद व्हायला लागतात आणि मग वरचे मजले दिसायला लागतात. या रस्त्यावर प्रत्येक इमारतीला वेगळे दिवे नाहीत, काहींना मुळीच नाहीत, रस्त्याच्या दिव्यातच बघायचं. मला हा तुकडा आवडतो, पण कुणी कंटाळलं असेल तर बस पकडा आणि पुढे व्हा, मी काही बोलणार नाही.

फाउंटन म्हणजे फ्लोरा फाउंटन, १८६४ चं. मध्ये बरीच वर्षं कोरडं आणि रंगाच्या थरांखाली होतं, मग ते थर काढून दुरुस्ती केली आणि २०१९ ला पाणी परत सुरू झालं. वर फ्लोरा देवी, खाली मासे, शिंपले, सगळं दिव्यात ओलं चमकतं, अर्थात कारंजं चालू असेल तर. आणि त्याच्या शेजारीच हुतात्मा स्मारक, मशाल धरलेले दोघे, शेतकरी आणि कामगार. फोटो काढणारे बरेच जण फ्लोराचा काढतात आणि पाठ फिरवून निघून जातात, मराठी माणसाने तरी असं करू नये. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला होता. १ मे च्या आसपास आलात तर स्मारक फुलांनी सजवलेलं दिसेल.

इथून दोन वाटा. सरळ गेलात तर काळा घोडा. पण दम असेल तर आधी उजवीकडे ओव्हल मैदानाला वळसा घाला, कारण राजाबाई टॉवर फोर्टच्या आतून नीट दिसतच नाही, तो बघायचा मैदानाच्या पलीकडून, पश्चिमेच्या फुटपाथवरून. मैदानाची फाटकं रात्री बंद होतात, त्याने काही अडत नाही, जाळीतून मस्त दिसतो. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या बाजारातल्या बड्या व्यापाऱ्याने पैसे दिले आणि आईचं नाव टॉवरला दिलं, १८७८ ला पुरा झाला, उंची ८५ मीटर. डिझाइन करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, तो तिकडे लंडनला बसून नकाशे पाठवत होता. टॉवरच्या डावीकडे झाडांमागे हायकोर्ट. आणि तुमच्या पाठीमागे जी गोल बाल्कन्यांच्या इमारतींची रांग आहे ती आर्ट डेको, १९३० च्या दशकातली. मैदानाच्या एका बाजूला गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, ही सगळी जोडी मिळून २०१८ ला जागतिक वारसा झाली. त्या रांगेत दिव्यांचा झगमगाट नाही, लोक राहतात तिथे, कुणाच्या खिडकीत कॅमेरा खुपसू नका म्हणजे झालं.

मैदानाच्या वरच्या टोकाला चर्चगेट. इरॉस थिएटर १९३८ चं, आता दुरुस्त होऊन परत चालू झालंय आणि रात्री ते कोपऱ्यावर जहाजासारखं दिसतं. त्याच्या समोर स्टेशनला लागून करड्या दगडाची पांढरे घुमटवाली वेस्टर्न रेल्वेची मुख्य कचेरी आहे, ती परत आपल्या स्टीव्हन्सची, १८९९ ची. वरच्या मूर्तीच्या हातात चक्क रेल्वेचं इंजिन आहे. व्हीटीच्या नावाने सगळे ओरडतात म्हणून ही बिचारी मागे पडते, पण दिवे हिच्यावरही छान असतात आणि समोर गर्दी अजिबात नाही.

परत फिरून काळा घोडा. घोड्यावर बसलेल्या राजा सातव्या एडवर्डचा काळा पुतळा १९६५ लाच उचलून राणीच्या बागेत नेला, सध्या चौकात आहे तो २०१७ चा, बिनस्वाराचा घोडा. डेव्हिड ससून लायब्ररी आणि म्युझियमचा, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट हे दोन बघायचे. म्युझियम आणि गेटवे एकाच माणसाचे, जॉर्ज विटेट, ते घुमट बघून गेटवेला गेलात की कमानींमधलं साम्य आपोआप दिसतं. म्युझियमच्या आवारात रात्री जाता येत नाही, बाहेरून झाडांच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं.

पुढे रिगल सिनेमा, १९३३ चा, आणि हा कुणी बांधला तर चार्ल्स स्टीव्हन्सने, म्हणजे आपल्या व्हीटीवाल्या स्टीव्हन्सच्या मुलाने. आणि रिगलच्या समोर रस्त्यापलीकडे जी दगडी इमारत आहे, आता महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय, ती मूळची खलाशांच्या वसतिगृहाची, १८७६ ची, ती बापाची. बाप गॉथिक, मुलगा आर्ट डेको, आणि मध्ये फक्त एक चौक. पोलीस मुख्यालयासमोर ट्रायपॉड वगैरे मांडून बसू नका, उगाच चौकशी होते.

गेटवे. गेलात की बॅग तपासतात, रांग असते, शनिवार-रविवारी लांब असते. २००८ नंतर ताज आणि गेटवेच्या भागात बंदोबस्त कडक झाला तो तसाच आहे, त्यावर चिडण्यात अर्थ नाही, मोठी बॅग मुळात आणूच नका. राजा पाचवा जॉर्ज १९११ ला आला तेव्हा ही कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची नक्कल उभी केली होती असं सांगतात, खरी कमान पुरी झाली १९२४ ला. उंची २६ मीटर, दगड पिवळसर बसाल्ट, म्हणून याला पिवळे दिवे लागले की दगड आतून उजळल्यासारखा दिसतो. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर पडली, स्वागतासाठी बांधलेली कमान निरोपाला कामी आली.

बरेच लोक गेटवेला सूर्यास्त बघायला जातात आणि हिरमुसून येतात. अहो, इथला समुद्र पूर्वेला आहे, सूर्य ताजच्या मागे बुडतो. पण याचा फायदा पौर्णिमेला होतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, म्हणजे इथे बंदरातून वर येतो, बोटींचे दिवे खाली आणि चंद्र वर. ढग नसतील तर व्हीटीचा निळा वेळ सोडून त्या दिवशी सरळ इथेच या, तेवढी एकच सूट. कोजागिरीला हमखास जमतं, पाऊस बहुतेक गेलेला असतो.

ताजमहाल हॉटेल १९०३ चं, म्हणजे गेटवेपेक्षा एकवीस वर्षांनी मोठं. ते समोरच्या फुटपाथवरून बघू नका, मान दुखेल, गेटवेच्या चौकातून शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या बाजूने बघा, मधला मोठा घुमट नीट बसतो नजरेत. बोटीतून दोन्ही एकदम दिसतात, पण बंदरातल्या फेऱ्या संध्याकाळी आटोपतात, तेव्हा बोट हवी असेल तर दिवस असतानाच जाऊन शेवटची फेरी कितीची आहे ते धक्क्यावर विचारा. भूक परत लागली असेल तर ताजच्या मागच्या गल्लीत बडेमियाँ, शाकाहारी मंडळींनी कुलाबा कॉजवेकडे सरकावं.

इथवर येईपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात. आता काळी-पिवळी करा आणि मरीन ड्राइव्ह. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, या भागात रिक्षा नाही, शोधत बसू नका. नरिमन पॉइंटला एनसीपीए या नाट्यगृहाच्या टोकाला उतरा, कट्ट्यावर बसा, सायकलवर चहा विकणारे येतील. समोर जी दिव्यांची वळणदार माळ दिसते तिला राणीचा नेकलेस म्हणतात, लांबी साडेतीन किलोमीटरच्या वर. २०१५ ला इथले जुने पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले होते, लोकांनी एवढा आरडाओरडा केला की शेवटी परत पिवळसर दिवे आणावे लागले. मुंबईकर सहसा कशाला एवढा वैतागत नाही, खड्ड्यांनाही नाही, यावर वैतागला.

माळ वरून बघायची तर मलबार हिलवर कमला नेहरू पार्क, म्हातारीच्या बुटाची बाग. पण ती रात्री उशिरापर्यंत उघडी नसते, त्यामुळे एकाच रात्री व्हीटी, गेटवे आणि बाग हे जमणार नाही. वेगळी संध्याकाळ काढा, सूर्यास्त तिथेच बघा, दिवे लागताना वरून बघा आणि मग उतरून गिरगाव चौपाटीला भेळ, कुल्फी. चौपाटीवरच्या दर्शक गॅलरीतून पण वळण चांगलं दिसतं, ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी ते बरं. आजी-आजोबा बरोबर असतील तर मी चालायचा सगळा बेतच सोडून देईन आणि व्हीटीहून एनसीपीएला जाणारी ए-११५ नंबरची एसी डबलडेकर पकडेन, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की काम झालं. जुन्या उघड्या टपाच्या नीलांबरी बस २०२३ ला बंद झाल्या, त्या अजून कुणी सुचवत असेल तर ऐकू नका.

वांद्रे-वरळी सी लिंकचं, म्हणजे समुद्रावरच्या पुलाचं थोडक्यात. २००९ ला सुरू झाला, ५.६ किलोमीटर, त्यावर थांबता येत नाही, चालता येत नाही, टू-व्हीलर चालत नाही. तो लांबून बघायची गोष्ट आहे: वांद्र्याच्या किल्ल्यावरून, वरळी सी फेसवरून नाहीतर दादर चौपाटीच्या डेकवरून. गाडीनेच जाणार असाल तर मरीन ड्राइव्हहून कोस्टल रोडने उत्तरेकडे निघा आणि डाव्या सीटवर बसा, समुद्र त्या बाजूला राहतो, हाजी अलीही तिकडेच. हाजी अलीला आत जायचं असेल तर भरतीची वेळ बघूनच, दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते.

फोटोचं. फोन पुरतो. नाइट मोड लावा, उजळलेल्या भागावर बोट ठेवा आणि ब्राइटनेस खाली ओढा, जेवढा बरा वाटतो त्याच्यापेक्षा थोडा अजून खाली, कारण रंगीत एलईडीमध्ये फोन गडबडतो आणि निळ्या-जांभळ्याचा नुसता ठिपका होतो, नक्षी गायब. फोन हातात न धरता कठड्यावर, खांबाला टेकवा आणि टायमर लावा. गर्दीच्या जागी ट्रायपॉड उघडलात की शिट्टी वाजते, "ओ साहेब, इथे नाय लावायचं ते." वाद घालू नका. ड्रोनचा तर विचारही नको, परवानगीशिवाय मुंबईत बंदी आहे.

कधी यायचं? ऑक्टोबर सर्वात चांगला, पावसाने हवा धुतलेली असते. डिसेंबर-जानेवारीत हवा गार पण धुरकट, लांबचे दिवे पुसट दिसतात. पावसाळ्यात लोक टाळतात, पण एक सर पडून गेल्यावर व्हीटीसमोरचा ओला डांबरी रस्ता सगळे दिवे खाली परत दाखवतो, तो फोटो कोरड्या रात्री मिळत नाही. फक्त मोठ्या भरतीच्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसू नका, लाट सरळ रस्त्यावर येते. आणि ३१ डिसेंबरला गेटवेकडे फिरकू नका, दिवे दिसणार नाहीत, डोकी दिसतील.

परतीचं. मेट्रो ३ ची स्टेशनं अगदी या वाटेवर आहेत, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, पण ती रात्री साडेदहाच्या आसपास आटोपते. लोकल त्यानंतरही असते, मध्य रेल्वेची शेवटची गाडी बारा वाजून गेल्यावर लगेच, वेस्टर्नची साधारण एकपर्यंत. शनिवारी रात्री ब्लॉक आहे का ते निघायच्या आधी एम-इंडिकेटर अ‍ॅपवर बघा. मरीन ड्राइव्हवरून चर्चगेट चालत दहा मिनिटांत येतं, डोंबिवली-कल्याणवाल्यांनी मात्र साडेअकराला उठायचं, चहा अर्धा राहिला तरी.